चढ दिसणारा उतार

लेह शहर मागे टाकून कारगिलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पश्चिमेस वळला, म्हणजे थोड्याच वेळात झाडे संपतात, घरे संपतात आणि उरतात ते केवळ उघडे, करडे, तपकिरी डोंगर. सुमारे पंचवीस किलोमीटरवर पत्थर साहिब हा गुरुद्वारा लागतो. निमू गावापाशी सिंधू आणि झांस्कर या नद्यांचा संगम होतो. या दोहोंच्या दरम्यान, लेहपासून अदमासे तीस किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला एक फलक उभा आहे आणि रस्त्यावर पांढऱ्या रंगाने एक चौकोन आखलेला आहे. या चौकोनात गाडी उभी करावी, गिअर काढून घ्यावा आणि ब्रेकवरून पाय उचलावा. मग समोर चढ दिसत असताही गाडी आपण होऊन त्या चढाकडे चालू लागते. या जागेला ‘मॅग्नेटिक हिल’ म्हणजे चुंबकाचा डोंगर असे नाव पडले आहे. लडाख पाहण्यास जाणारा प्रवासी सहसा ही जागा पाहिल्यावाचून परतत नाही.

अशाच एका उन्हाळ्यात देहरादूनचे एक मराठी कुटुंब या चौकोनापाशी येऊन थांबले. कुटुंबात आई, वडील, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि आजोबा असे पाच जण होते. आजोबा भारतीय सर्वेक्षण विभागातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षे त्यांनी डोंगरदऱ्यांतून दुर्बिणी आणि मोजपट्ट्या घेऊन फिरण्यात घालवलेली. अकरा हजार फुटांच्या वरची हवा विरळ असते, म्हणून लेहमध्ये दोन दिवस पुरती विश्रांती घेऊन मगच मंडळी बाहेर पडली होती. वाटेत वडिलांनी मुलांना सर्व हकीकत रंगवून सांगितली होती. या डोंगराच्या पोटात प्रचंड लोहचुंबक आहे, तो मोटारी ओढून घेतो, इतकेच काय पण विमानेसुद्धा त्याला वळसा घालून जातात, ही सर्वत्र ऐकू येणारी वदंता त्यांनी खरी म्हणूनच सांगितली. त्यात त्यांचा दोष असा नव्हता. त्यांनाही ती तशीच कोणीतरी सांगितली होती.

गाडीचा चालक लडाखी तरुण होता. मागून-पुढून काही येत नाही हे पाहून त्याने गाडी चौकोनात आणली, गिअर काढला आणि हात वर करून मुलांना दाखवले. इंजिन मात्र त्याने चालू ठेवले. कारण इंजिन बंद झाले म्हणजे ब्रेक आणि सुकाणू दोन्ही जड होतात, आणि हा रस्ता काही जत्रेतला पाळणा नव्हे. त्यावरून सैन्याच्या वाहनांचे तांडे आणि मालमोटारी रात्रंदिवस जात असतात. क्षणभर काहीच झाले नाही. मग गाडी हळूच हलली, पुढे सरकली आणि वेग घेऊ लागली. समोर रस्ता स्पष्टपणे वर चढत होता. मुलीने टाळ्या पिटल्या. मुलगा खिडकीतून डोके काढू पाहत होता, त्यास आईने खाली बसवले. वडिलांच्या चेहऱ्यावर, जणू तो चुंबक त्यांनीच तेथे पुरून ठेवला असावा, असे समाधान पसरले.

खरी गोष्ट सुरू झाली ती यानंतर. गाडी बाजूला मोकळ्या जागी उभी करून मंडळी खाली उतरली. मुलीच्या हातात रबराचा चेंडू होता. तो निसटला आणि रस्त्याच्या कडेने, गाडी गेली होती त्याच दिशेने, चढाकडे घरंगळू लागला. आईने दोन्हीकडे पाहून तो पकडून आणला. मुलगी काही वेळ चेंडूकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, चेंडू तर रबराचा आहे. त्याला चुंबक कसा ओढेल?”

प्रश्न साधा होता. परंतु त्याने वडिलांना कोंडीत धरले. अशा वेळी मोठ्या माणसापुढे दोन वाटा असतात. चेंडूच्या रबरातही थोडे लोखंड असेल, येथला चुंबक निराळ्याच जातीचा असेल, किंवा ‘ते तुला मोठी झाल्यावर कळेल’, असे काहीतरी सांगून वेळ मारून नेणे ही एक वाट. आणि ती फार वापरात आहे. दुसरी वाट अरुंद असते. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तुझं बरोबर आहे. मी ऐकलं तसं सांगितलं; तपासून पाहिलं नव्हतं.” मुलगा हसला. मुलगी मात्र हसली नाही. वडील चुकले याचा आनंद होण्याइतकी ती मोठी झाली नव्हती. आणि आपल्या एका प्रश्नाने एवढा डोंगर रिकामा झाला याचे तिला थोडे भयच वाटले असावे.

आजोबांनी मग गाडीतून पाण्याची एक गुळगुळीत, पारदर्शक बाटली मागवली. तीत काठोकाठ पाणी भरून, अगदी थोडी हवा राहील अशा बेताने त्यांनी झाकण लावले आणि बाटली आडवी धरली. हवेचा एक लहान बुडबुडा तिच्यात इकडेतिकडे धावू लागला. घर बांधताना गवंडी जी पाणसळ वापरतो, तिचे तत्त्व हेच. पाणी खालच्या अंगास जाते आणि बुडबुडा वरच्या अंगास. रस्त्याच्या कडेला एक जाड पुस्तक ठेवून त्यावर त्यांनी बाटली रस्त्याच्या दिशेने आडवी ठेवली. चढ ज्या बाजूस दिसत होता, त्याच्या विरुद्ध टोकास बुडबुडा जाऊन बसला. म्हणजे जी बाजू उंच दिसत होती, ती वस्तुतः खाली होती.

“परंतु बाटलीच वाकडी असेल तर?” मुलाने विचारले.

आजोबांना हा प्रश्न फार आवडला. मोजणी करणाऱ्या माणसाला पहिला धडा मिळतो तो हाच, की आपल्या उपकरणावरही आंधळा विश्वास ठेवू नये. त्यांनी बाटली उचलली, तिचे तोंड होते तेथे बूड आणि बूड होते तेथे तोंड अशी फिरवून पुन्हा त्याच जागी ठेवली. दोष बाटलीत असता, तर बुडबुडा बाटलीच्या त्याच टोकास राहिला असता. तो तसा राहिला नाही. तो पुन्हा रस्त्याच्या त्याच बाजूस गेला. उपकरण उलटून पाहावे आणि तरीही उत्तर तेच आले तरच ते मानावे, ही रीत सर्वेक्षणाच्या कामात रोजची आहे. मुलांनी ती पुस्तक आणि बाटली यांच्या साहाय्याने पाच मिनिटांत आत्मसात केली.

तथापि मुलाचे समाधान झाले नव्हते. तेरा वर्षांचे वय शंकांचे असते आणि त्याची पुढची शंका पहिलीहून बिकट होती. तो म्हणाला, “आजोबा, या डोंगराला चुंबक नसेल, पण डोंगर स्वतःच सगळ्या वस्तूंना आपल्याकडे ओढत असेल, तर तो पाण्यालाही ओढेल. मग बाटलीतलं पाणीही फसेल. बुडबुड्याची साक्ष कशी खरी धरायची?”

एखादे वडीलधारे माणूस येथे वैतागले असते. परंतु मुलगा जे विचारत होता, ते हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाने एकोणिसाव्या शतकात मोठ्या गांभीर्याने विचारले होते. आणि देहरादूनला हयात घालवलेल्या आजोबांना ती हकीकत तोंडपाठ होती. उत्तरेत मुझफ्फरनगरजवळचे कलियाना आणि मध्य भारतात सिरोंजजवळचे कल्याणपूर, या सुमारे सहाशे किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढण्यात आला होता. एक रीत जमिनीवर त्रिकोणांची साखळी मोजत जाण्याची. दुसरी ताऱ्यांचे वेध घेण्याची. ताऱ्यांचे वेध घेताना सरळ वर कोणते, हे ओळंब्यावरूनच ठरवावे लागते. दोन्ही उत्तरे जुळावयास हवी होती. त्यांच्यात सव्वापाच विकलांचा फरक निघाला.

फरक अगदी लहान होता. परंतु मोजणी इतकी काळजीपूर्वक झालेली होती की तो चूक म्हणून सोडून देता येईना. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे धर्मोपदेशक असून गणितात निष्णात होते. हिमालयाच्या प्रचंड वस्तुमानाने ओळंबा आपल्याकडे ओढला जात असावा, असे धरून त्यांनी हिशेब केला. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या हिशेबाप्रमाणे फरक जवळजवळ सोळा विकलांचा यावयास हवा होता. म्हणजे डोंगर ओढतो हे खरे. परंतु जेवढा ओढावयास हवा तेवढाही तो ओढत नव्हता! या कोड्याचा उलगडा करताना जॉर्ज एअरी यांनी त्याच वर्षी असे सुचविले की, उंच पर्वतांच्या खाली हलक्या खडकाची मुळे खोलवर गेलेली असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्याचा जसा मोठा भाग बुडालेला असतो, तसा पर्वताचाही असतो. भूकवचाच्या समतोलाची आजची कल्पना येथूनच वाढली. एका ओळंब्याच्या किंचित कलण्यातून पर्वतांच्या मुळांचा शोध लागला.

“म्हणजे डोंगर ओढतो, हे तुझं म्हणणं मुळीच वेडेपणाचं नाही,” आजोबा नातवास म्हणाले, “पण किती ओढतो, हेही विचारलं पाहिजे.” आणि त्यांनी वाळूत बोटाने आकडे काढले. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. म्हणजे एका अंशाच्या ३६०० विकला. साऱ्या हिमालयाने मिळून त्या दोन ठिकाणच्या ओळंब्यांच्या कलण्यात सोळा विकलांचा फरक पडावा असे प्रॅट यांचे गणित. प्रत्यक्षात तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच फरक आढळला. उताराचा चढ करावयाचा तर ओळंबा निदान एका अंशाच्या आसपास तरी कलला पाहिजे, म्हणजे शेकडो पटींनी अधिक. एवढे बळ या डोंगरात नाही. मुलाने आकड्यांकडे पाहिले, मनात भागाकार केला आणि मान हलवली. हे उत्तर त्याने आजोबांच्या वयाला मान देऊन स्वीकारले नव्हते. भागाकार जुळला म्हणून स्वीकारले होते. या दोहोंत फार अंतर आहे.

मग चढ दिसतो तो का? डोंगर निर्दोष ठरल्यावर आरोप येतो तो डोळ्यांवर. अशा जागा जगात अनेक आहेत. कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतातील माँक्टन शहराजवळचा असाच रस्ता १९३३ पासून प्रसिद्ध आहे. गुजरातेत गीरच्या परिसरात, उष्णोदकाच्या कुंडांसाठी ख्यात असलेल्या तुळशीश्यामजवळही असा एक रस्ता लोक दाखवितात. स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील रस्त्याचे नाव तर ‘इलेक्ट्रिक ब्रे’, म्हणजे विजेची चढण. वीज नवीन होती तेव्हा लोकांनी या चमत्काराचे श्रेय विजेला दिले. चुंबकाचे आकर्षण वाटले तेथे ते चुंबकाला दिले. ज्या काळी जी शक्ती गूढ वाटते, तिच्या नावावर न उमगलेली गोष्ट जमा करावी, हा मनुष्यस्वभाव आहे. स्कॉटलंडच्या त्या रस्त्याची मोजणी तेथील शिळेवर कोरून ठेवली आहे. सुमारे पाव मैलाच्या अंतरात एका टोकाची उंची २८६ फूट व दुसऱ्याची ३०३ फूट. म्हणजे दर ८६ फुटांस एक फूट असा चढ. पाहणाऱ्यास मात्र तोच उतार भासतो.

इटलीतील पादुआ येथील मानसशास्त्रज्ञ पाओला ब्रेसान व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली या कोड्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अशा रस्त्यांच्या मेजावर मावतील एवढ्या प्रतिकृती केल्या आणि त्या लोकांना दाखविल्या. त्या लाकडी डोंगरांत ना चुंबक होता ना वीज; तरीही भास जसाच्या तसा उमटला. त्यांतून निघालेले तात्पर्य सरळ आहे. रस्ता चढतो की उतरतो हे डोळे स्वतंत्रपणे ठरवीत नाहीत. ते शेजारच्या गोष्टींशी तुलना करून ठरवितात. समुद्रकिनारी किंवा मोकळ्या माळावर खरे क्षितिज दिसते आणि ते आपले माप असते. जेथे डोंगरांनी क्षितिज झाकले जाते, तेथे डोळा डोंगराच्या कडेलाच क्षितिज समजतो. त्यात मोठ्या उतारामागून लहान उतार आला, तर तो लहान उतार चढासारखा भासू लागतो. झाड किंवा घराची भिंत अशी उभी वस्तू असती, तर ती थोडीफार साक्ष देऊ शकली असती. लडाखच्या त्या उजाड प्रदेशात तीही नाही. आपल्या कानाच्या आत सूक्ष्म स्फटिकांच्या योगाने तोल सांगणारी इंद्रिये आहेत. परंतु एखाद्या अंशाच्या कलाविषयी त्यांचा आवाज फार क्षीण असतो. डोळे ठासून बोलू लागले की तो ऐकू येत नाही.

सह्याद्रीच्या घाटातून सायकल चालविलेल्या माणसास याचा थोडासा अनुभव असतो. खडी उतरण संपून वाट सपाट झाली, आता चढ लागला असे डोळे सांगतात. आणि पाय मात्र सांगतात की अजून पायटा मारावा लागत नाही. अशा वेळी पायांचे ऐकावे. आगगाडी वळणावर एका अंगास कलली असता डब्यातील माणसास बाहेरचे खांब तिरपे दिसतात, आपला डबा नव्हे. ज्यात आपण बसलो आहोत ते सरळ, आणि बाहेरचे जग वाकडे, अशीच मनाची समजूत असते.

आजोबांनी शेवटी मुलांना रस्त्याच्या कडेकडेने दुसऱ्या टोकापर्यंत नेले आणि मागे वळून पाहावयास सांगितले. “बाटली उलटून पाहिली, तशी आता जागा उलटून पाहा.” मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “आता चढ आहे की उतार, ठरवताच येत नाही.” आजोबा एवढेच म्हणाले, “छान. येथूनच मोजणी सुरू होते.” लडाखी चालक हे सर्व ऐकत उभा होता. आपल्या गिऱ्हाइकांचा आनंद मोडू नये म्हणून तो एरवी काही बोलत नसे. आता तो हसून म्हणाला की, त्याला हे पहिल्याच वर्षी कळले होते; कारण परतताना याच ‘उतारा’वर इंजिनाला जोर लावावा लागतो आणि इंजिनाला डोळे नसतात.

मंडळी पुन्हा गाडीत बसली, आणि मुलीने एक विनंती केली. पुन्हा एकदा चौकोनात गाडी उभी करावी. आईला वाटले, एवढे सारे समजल्यावर आता काय पाहावयाचे राहिले? रस्ता मोकळा झाल्यावर चालकाने गाडी चौकोनात आणली. गाडी पूर्वीसारखीच हळूच हलली, आणि समोरचा रस्ता पूर्वीसारखाच वर चढताना दिसला. कारण कळल्याने भास नाहीसा झाला नव्हता. चुंबक गेला होता, वदंता गेली होती, परंतु डोळ्यांपुढचा चढ जागचा हलला नव्हता. मुलीने पुन्हा टाळ्या पिटल्या. या वेळी अधिक जोराने. पहिल्या खेपेस डोंगर तिच्याशी खेळत होता. आता तिला तिचे स्वतःचेच डोळे खेळताना दिसत होते, आणि तो खेळ तिला अधिक गमतीचा वाटला.

मुलांना कारण सांगितले की त्यांचे कुतूहल मरते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ज्याने कारण तयार गोळीसारखे गिळावयास दिले, त्याच्या बाबतीत ती खरी असेल. येथे तसे घडले नाही. चेंडूने प्रश्न विचारला, बाटलीने उत्तर दिले, त्या उत्तरावर मुलाने हरकत घेतली आणि ती हरकत कोणी दडपली नाही. प्रत्येक पायरीवर कोणाला तरी आपले मत सोडावे लागले. आणि पहिली पायरी वडिलांनी उतरली म्हणून पुढच्या चढता आल्या. ‘तपासून पाहिलं नव्हतं’ हे त्यांचे तीन शब्द नसते, तर तो चेंडू मुकाट्याने पिशवीत गेला असता.

‘डोळ्यांनी पाहिले’ यापेक्षा मोठा पुरावा नाही, असे व्यवहारात मानले जाते. न्यायालयात, कचेरीत, गावच्या चावडीवर आणि घरच्या भांडणातही याच शब्दांवर निकाल लागतात. पाहणारा खोटे बोलतो असे नव्हे. तो प्रामाणिकपणे सांगतो आणि तरीही चुकू शकतो, हे ध्यानात येण्यास फार वेळ लागतो. ते लहान वयात, हसतखेळत, कोणाचेही नुकसान न होता ध्यानात आले तर ते उत्तम. त्या संध्याकाळी लेहला परतल्यावर मुलीने आपल्या वहीत दिवसाची हकीकत लिहिली. शेवटच्या ओळीत तिने लिहिले होते की, रस्ता खरे बोलतो, बाटली खरे बोलते आणि डोळ्यांना कधी कधी विचारून घ्यावे लागते. वडिलांनी ती ओळ वाचली, आणि वही तिला परत देताना, वाटेत सांगितलेल्या विमानांच्या गोष्टीचाही शोध घरी गेल्यावर सर्वांनी मिळून घ्यावा, असे त्यांनी आपण होऊन सुचविले.